सुरुंग काढताना जमीन वाचवायची कशी?

दक्षिण अटलांटिक महासागरात फॉकलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या स्टॅनली या राजधानीच्या गावापासून जवळच यॉर्क बे हा पांढऱ्या वाळूचा सुंदर किनारा आहे. १४ नोव्हेंबर २०२० रोजी बेटांवरचे शेवटचे भूसुरुंग उडवून देण्यात आले आणि गावातले लोक त्या किनाऱ्याच्या वाळूवर अक्षरशः धावत सुटले. १९८२ च्या युद्धापासून ३८ वर्षे त्यांनी हा किनारा फक्त कुंपणाबाहेरून पाहिला होता.

पण या ३८ वर्षांत किनारा रिकामा नव्हता. तिथे पेंग्विन राहत होते. पेंग्विनचं वजन साधारण चार ते आठ किलो. तेवढ्या वजनाने सुरुंग उडत नाही. माणूस येत नाही, मेंढी येत नाही, गाडी येत नाही. त्यामुळे सुरुंगांनी भरलेली ती जागा पेंग्विनांसाठी अभयारण्यच झाली होती. म्हणून सुरुंग काढायचं ठरलं तेव्हा बेटांवरच्याच काही लोकांनी विचारलं, "कशाला काढता? कुंपण आहे, पाट्या आहेत. तुमची यंत्रं वाळूत शिरली तर सुरुंगांपेक्षा जास्त नुकसान होईल!"

मित्रांनो, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. भूसुरुंग काढणं हे पुण्याचं काम आहे याबद्दल दुमत नाही. पण ते काम म्हणजे शेवटी खोदकाम, यंत्रकाम आणि स्फोटकाम आहे, आणि आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी जाणतो की या तिन्हींची किंमत जमिनीला मोजावी लागते. ती कमी कशी करता येईल, हे या लेखात समजून घेऊ.

आधी थोडी उजळणी

भूसुरुंगाचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक माणसांविरुद्धचा, जो साधारण पाच ते पंधरा किलो दाबाने उडतो. दुसरा रणगाड्यांविरुद्धचा, ज्याला शंभर-दीडशे किलो किंवा त्याहून जास्त दाब लागतो. आत मुख्य स्फोटक असतं, बहुतेक वेळा टीएनटी किंवा टीएनटी आणि आरडीएक्सचं मिश्रण. त्याला पेटवणारा छोटा डिटोनेटर असतो आणि त्यात बऱ्याचदा लेड अझाइड, म्हणजे शिशाचं संयुग असतं. बाहेरचं कवच लोखंडाचं, लाकडाचं किंवा प्लॅस्टिकचं.

प्लॅस्टिकचे सुरुंग सर्वांत त्रासदायक. त्यांत धातू नावालाच असतो, त्यामुळे मेटल डिटेक्टरची संवेदनशीलता अगदी टोकाला न्यावी लागते. मग तो खिळा, पत्र्याचा तुकडा, काडतुसाची नळी, सगळ्यालाच ओरडतो. कंबोडियात १९९२ ते १९९८ या काळात सुरुंग काढणाऱ्यांनी जमिनीतून जवळजवळ २० कोटी वस्तू उकरून काढल्या. त्यांत सुरुंग आणि इतर स्फोटक वस्तू ०.३ टक्क्यांहूनही कमी होत्या!

हा आकडा नीट लक्षात ठेवा. हजार खड्डे खणले तर त्यांतले ९९७ भंगारासाठी. समजा, एक खड्डा २५ सें.मी. लांब, तेवढाच रुंद आणि १५ सें.मी. खोल धरला, तर हजार खड्ड्यांची माती सव्वानऊ घनमीटरच्या वर जाते. मोठा डंपर भरून माती, आणि हाती लागले तीन सुरुंग. म्हणजे पर्यावरणाचा प्रश्न स्फोटापासून सुरू होत नाही, तो डिटेक्टरच्या शिट्टीपासूनच सुरू होतो.

कोणत्या पद्धतीने जमिनीचं काय होतं?

(१) हाताने काढणे : माणूस एक मीटर रुंदीची पट्टी आखून घेतो, गवत-झुडपं कापतो, डिटेक्टर फिरवतो, आणि आवाज आला की सळई तिरकी टोचत टोचत हळूहळू माती बाजूला करतो. वेळ खूप लागतो, धोकाही आहे, पण जमिनीला सर्वांत कमी इजा याच पद्धतीत होते. नुकसान मुख्यतः झाडोऱ्याचं. काही ठिकाणी झाडोरा कापण्याऐवजी सरळ पेटवून देतात. ते स्वस्त पडतं, पण मातीवरचा पालापाचोळा, बी-बियाणं, किडामुंगी सगळं जळून जातं आणि पहिल्या पावसात माती वाहून जाते.

(२) दाताळ्याने उकरणे : उत्तर श्रीलंकेत वाळूसारख्या भुसभुशीत जमिनीत बागकामाच्या दाताळ्यासारख्या अवजाराने वरचा संपूर्ण थर ओढून सुरुंग उघडे केले गेले. प्लॅस्टिकच्या सुरुंगांसाठी पद्धत उत्तम, कारण डिटेक्टरवर भिस्त नाही. पण वरचा सुपीक थर पूर्ण हलतो.

(३) फ्लेल आणि टिलर : फ्लेल हे मुळात धान्य झोडपायच्या काठीचं नाव. रणगाड्यासारख्या यंत्रापुढे फिरता दंड, त्याला साखळ्या, साखळ्यांच्या टोकाला हातोडे. हे हातोडे जमीन झोडपत जातात, सुरुंग उडतो किंवा फुटून तुकडे होतो. टिलरमध्ये साखळ्यांऐवजी दातांचा रूळ असतो. काम झपाट्याने होतं. पण एक हेक्टर जमीन २० सें.मी. खोलीपर्यंत झोडपली तर किती माती हलली? १०,००० चौरस मीटर गुणिले ०.२ मीटर, म्हणजे २,००० घनमीटर. घनता १.३ धरली तर २,६०० टन माती! वरची काळी माती आणि खालचा निकस थर एकजीव होतो, मातीची कणरचना मोडते, वारा धूळ उडवतो. शिवाय कित्येक टनांच्या यंत्राने खालची जमीन दाबली जाते ती वेगळीच. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही हे सॉइल मेकॅनिक्समध्ये आपण शिकतोच. शेताची सुपीक माती इंचभर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, यंत्र ती एका दुपारी उलटीपालटी करते.

(४) कुत्रे आणि उंदीर : हे टीएनटीचा वास ओळखतात, धातूशी त्यांना देणंघेणं नाही. त्यामुळे भंगारासाठी खड्डे खणावे लागत नाहीत. बेल्जियममध्ये सुरू झालेल्या आणि टांझानियात उंदीर तयार करणाऱ्या अपोपो या संस्थेचे आफ्रिकी मोठे उंदीर यासाठी प्रसिद्ध आहेत. टेनिस कोर्टाएवढी जागा असा उंदीर अर्ध्या तासात हुंगून काढतो, तीच जागा डिटेक्टरवाल्या माणसाला चार दिवसांपर्यंत पुरते. मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून जास्त सुरुंग आणि स्फोटक वस्तू शोधल्या. २०२० मध्ये त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. उंदीर हलका असल्याने सुरुंग उडत नाही. पेंग्विनांचं गणितच इथे माणसाने कामाला लावलं म्हणा ना!

फुटलेला सुरुंग आणि पाणी

सुरुंग सापडल्यावर बहुधा त्याच जागी शंभर-दोनशे ग्रॅम स्फोटक शेजारी ठेवून तो उडवतात. स्फोट झाला म्हणजे विषय संपला असं आपल्याला वाटतं. पण स्फोट कसा झाला यावर पुष्कळ अवलंबून आहे.

स्फोट पूर्ण ताकदीने झाला तर ९९.९९ टक्क्यांहून जास्त स्फोटक जळून जातं आणि मागे नगण्य अवशेष राहतो. पण स्फोट अर्धवट झाला, किंवा फ्लेलच्या हातोड्याने सुरुंग न उडता नुसता फुटला, तर टीएनटीचे खडे मातीत विखुरतात. असे खडे वर्षानुवर्षे पावसाच्या पाण्यात थोडे थोडे विरघळत राहतात.

एक छोटं गणित करू. सोव्हिएत बनावटीच्या पीएमडी-६ या लाकडी खोक्याच्या सुरुंगात टीएनटीची २०० ग्रॅमची वडी असते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी टीएनटी आणि आरडीएक्स दोन्हींची आयुष्यभराची सल्ला-मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम दिली आहे. आता २०० ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमने भागा. उत्तर येतं १० कोटी लिटर. म्हणजे एक फुटका सुरुंग, निदान कागदावर तरी, दहा कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. ऑलिंपिकचा पोहण्याचा तलाव साधारण २५ लाख लिटरचा धरला तर असे ४० तलाव!

प्रत्यक्षात इतकं होत नाही. टीएनटी मातीच्या कणांना चिकटतो आणि जिवाणू त्याचं रूपांतर दुसऱ्या संयुगांत करतात. आरडीएक्सचा स्वभाव उलटा. तो पाण्यात कमी विरघळतो, पण मातीला धरून राहत नाही. त्यामुळे विरघळलेला भाग सरळ खाली भूजलात जातो. म्हणजे रेताड जमीन, वर असलेली पाण्याची पातळी आणि आरडीएक्सचे सुरुंग ही तिन्ही एकत्र आली की खबरदारी दुप्पट हवी. डिटोनेटरमधलं शिसं तर कुठेच जात नाही, मातीतच राहतं. एका सुरुंगात ते फारच थोडं, पण एकाच जागी हजारो सुरुंग आणून उडवले तर ती जागा हळूहळू दूषित होते.

फॉकलंडचा धडा

आता पुन्हा फॉकलंडकडे वळू. १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या सैन्याने या बेटांवर सुमारे २५,००० सुरुंग पेरले. त्यांत स्पेनचे, इटलीचे, इस्राएलचे आणि अर्जेंटिनाचे स्वतःचे असे अनेक प्रकार होते आणि कित्येकांत धातू अत्यल्प. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सैनिकांनी लगेच काम सुरू केलं, पण काही जवान जखमी झाले आणि ते थांबवलं गेलं. जागांना कुंपणं घातली गेली आणि प्रश्न पुढे ढकलला गेला.

भूसुरुंगबंदीचा ओटावा करार १९९७ मध्ये झाला, तो १ मार्च १९९९ पासून अमलात आला. ब्रिटनने त्यावर सही केली असल्याने सुरुंग काढणं बंधनकारक झालं. २००७ मध्ये क्रॅनफिल्ड विद्यापीठाने हे काम शक्य आहे का याचा अभ्यास केला. २००९ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने २०२० मध्ये संपलं. २३ चौरस किलोमीटरहून जास्त जमीन मोकळी झाली. हे काम करणाऱ्यांत बहुतेक जण झिंबाब्वेचे होते. आपल्या देशातले सुरुंग काढता काढता शिकलेली ही माणसं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, बोचऱ्या वाऱ्यात, गुडघ्यांवर बसून काम करत होती.

तिथली जमीन दोन प्रकारची. एक पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, ओलसर थर, आणि दुसरी वाळूच्या टेकड्या. पीट हजारो वर्षांत साठतं. उघडं पडलं की वाळतं, वाऱ्याने उडतं, आणि एकदा पेटलं तर आतल्या आत धुमसत राहतं. त्यामुळे इथे आधी झोडपा आणि मग बघा, असं चालणार नव्हतं.

वाळूच्या टेकड्यांची अडचण वेगळीच. वाळू सरकते. सुरुंग पेरला तेव्हा हाताच्या खोलीवर होता, चाळीस वर्षांनी त्याच्यावर कित्येक फूट वाळू असू शकते, किंवा तो सरकून भलतीकडेच गेलेला असतो. यॉर्क बे शेवटी ठेवला गेला तो यामुळेच. तिथे सळई आणि डिटेक्टर पुरे पडणार नव्हते. वाळू यंत्राने काढायची, चाळायची आणि परत टाकायची, असंच करावं लागतं. म्हणजे टेकडीच हलवायची. आणि त्या टेकड्यांजवळ पेंग्विन! त्यांतला मॅगेलॅनिक पेंग्विन जमिनीत बीळ करून अंडी घालतो. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा हा त्याच्या विणीचा काळ, आणि काम करायला बरा असलेला काळही तोच. हिवाळ्यात दिवस लहान आणि जमीन गोठलेली.

म्हणून आधी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास केला गेला आणि त्यानुसार कामाची आखणी झाली. कुठे यंत्र जाईल, कुठे फक्त माणूस जाईल, कोणत्या महिन्यात कोणत्या पट्ट्यात काम करायचं, हे सुरुंगांच्या नकाशाबरोबर पक्ष्यांचा नकाशा ठेवून ठरवायचं. माझ्या मते फॉकलंडचा खरा धडा हाच. पर्यावरणाचा विचार कामाच्या शेवटी झाडं लावण्यासाठी नसतो, तो टेंडर निघण्याआधीच करायचा असतो.

आणि दुसराही धडा आहे. सुरुंग गेले, कुंपण गेलं, पण पेंग्विनांचं संरक्षणही त्याबरोबर गेलं. आता माणसं, कुत्री, गाड्या तिथे जाऊ शकतात. म्हणजे जमीन मोकळी करताना "ही जमीन पुढे कशासाठी वापरणार?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कोरियाच्या दोन भागांमधला निर्लष्करी पट्टा असाच सुरुंगांमुळे माणसापासून सुटलेला आणि वन्यजीवांनी भरलेला आहे. उद्या तिथले सुरुंग निघाले तर मागोमाग बुलडोझर येणार की नाही, हे आधीच ठरवावं लागेल.

मग उपाय काय?

आंतरराष्ट्रीय सुरुंग-कार्य मानकांमध्ये ०७.१३ हे मानक खास पर्यावरण व्यवस्थापनासाठी आहे. त्यातला विचार आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव एकत्र करून काही मुद्दे मांडतो.

(१) नको तिथे खणूच नका. संशयित म्हणून कुंपण घातलेल्या जमिनीचा मोठा भाग प्रत्यक्षात सुरुंगमुक्त असतो. आधी गावकऱ्यांशी बोलणे, जुने सैनिकी नकाशे पाहणे, अपघातांच्या नोंदी तपासणे ही माहिती-पाहणी. मग निवडक पट्ट्यांत तांत्रिक पाहणी. आणि शेवटी फक्त खात्रीच्या जागीच पूर्ण सफाई. ज्या एकरात यंत्र शिरलंच नाही, त्या एकराचं नुकसान शून्य. पैसे वाचतात ते वेगळेच. सर्व उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक.

(२) डिटेक्टर शहाणा करा. मेटल डिटेक्टरला जमिनीत शिरणाऱ्या रडारची जोड दिली तर खालची वस्तू खिळा आहे की डबीएवढी, याचा अंदाज येतो. जपानच्या तोहोकू विद्यापीठात विकसित झालेलं आलिस हे असं दुहेरी उपकरण कंबोडियात वापरलं गेलं आहे. खोट्या शिट्ट्या जितक्या कमी, तितके खड्डे कमी.

(३) आकाशातून बघा. उत्तर चाडच्या वाळवंटात ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन या संस्थेने ड्रोनवर उष्णता टिपणारा कॅमेरा लावून सुरुंगांच्या जागा शोधल्या. वाळू आणि सुरुंग वेगवेगळ्या गतीने तापतात आणि थंड होतात, एवढंच त्यामागचं तत्त्व. घनदाट झाडीत मात्र याचा उपयोग नाही.

(४) झाडोरा काढताना हात आखडता घ्या. पेटवण्याऐवजी कापा, मुळं राहू द्या, मोठी झाडं शक्यतो सोडून त्यांच्या भोवती हाताने काम करा. उतारावर कापलेला पाला तिथेच आडवा पसरला तर माती धरून राहते.

(५) मातीचे थर वेगळे ठेवा. खोल खोदायचंच असेल तर वरची सुपीक माती वेगळ्या ढिगात, खालची वेगळ्या ढिगात, आणि भरताना त्याच क्रमाने परत. गवताचे तक्ते कापून बाजूला ठेवून नंतर जसेच्या तसे बसवता येतात. पाइपलाइनच्या कामात आपण हे करतो, मग सुरुंगांच्या कामात का नाही?

(६) यंत्र कधी आणि कुठे न्यायचं याचे नियम करा. ओल्या जमिनीवर जड यंत्र नको, तीव्र उतारावर नको, ओढ्या-नाल्यांजवळ नको. विणीच्या हंगामात पक्ष्यांच्या जागी नको. डिझेल आणि ऑइलची गळती झाली तर काय करायचं, हे साइटवरच्या प्रत्येकाला माहीत हवं. कामगारांच्या छावणीचा कचरा आणि संडास हेही त्याच यादीत येतात.

(७) उडवायचं तर पूर्ण उडवा. स्फोटक योग्य जागी, योग्य प्रमाणात ठेवलं तर अवशेष उरत नाही. उडवल्यावर जागा तपासून टीएनटीचे खडे वेचून घ्यायचे, प्लॅस्टिक आणि पत्रा गोळा करायचा, खड्डा भरायचा. एकाच जागी वारंवार स्फोट करायचे असतील तर ती जागा विहिरी आणि ओढ्यांपासून लांब निवडायची आणि माती-पाण्याचे नमुने आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्यायचे. आधीचा नमुना नसेल तर नंतरच्या नमुन्याला काही अर्थ राहत नाही.

(८) जमीन परत देताना ती वापरण्याजोगी करून द्या. शेतकऱ्याला "सुरुंग नाहीत" असं प्रमाणपत्र मिळालं, पण शेतात पीकच आलं नाही, तर त्याला जमीन अर्धीच परत मिळाली म्हणायची.

युक्रेनमध्ये २०२२ पासून हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. तिथली काळी माती जगातल्या उत्तम शेतजमिनींपैकी एक. त्यात जून २०२३ मध्ये काखोव्हका धरण फुटलं आणि पुराबरोबर सुरुंगही वाहून गेले. बोस्नियात मे २०१४ च्या पुरातही असंच झालं होतं, सुरुंग सरकले आणि धोक्याच्या पाट्याही वाहून गेल्या. म्हणजे सुरुंगांनी निसर्गाला त्रास होतो, तसा निसर्गही सुरुंगांचा प्रश्न अवघड करून ठेवतो.

आपल्याकडे काय?

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर थोडं जवळ येऊ. डिसेंबर २००१ मधल्या संसदेवरील हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रमच्या वेळी आपल्या लष्कराने पश्चिम सीमेवर लाखो सुरुंग पेरले आणि नंतर ते काढले. त्यांत पंजाबची शेतं होती, जम्मूकडचे ओढे-नाले होते आणि राजस्थानच्या सरकत्या वाळूच्या टेकड्याही होत्या. फॉकलंडची वाळू आणि आपली वाळू, दोघींचा स्वभाव सारखाच.

सुरुंग पेरणं आणि काढणं हे सैन्यातल्या इंजिनिअर्सचं, म्हणजे सॅपर्सचं काम. त्यांचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र खडकीला, आणि सैनिकी अभियांत्रिकीचं महाविद्यालय दापोडीला. स्फोटकांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही पुण्यातच आहे. भारतीय लष्करातून निवृत्त झालेल्या सॅपर्सच्या संस्थांनी श्रीलंकेत जाऊन सुरुंग काढण्याचं काम केलं आहे.

भारताने ओटावा करारावर सही केलेली नाही. मात्र सुरुंगांच्या वापरावर नियम घालणाऱ्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय नियमावलीत आपण आहोत. तिच्यानुसार माणसांविरुद्धच्या सुरुंगाने निदान ८ ग्रॅम लोखंडाएवढा संकेत डिटेक्टरला दिला पाहिजे. वरवर पाहता हा नियम माणसांच्या सुरक्षेसाठी. पण आपलं २० कोटी वस्तूंचं गणित आठवा. सुरुंगाचा संकेत मोठा असेल तर डिटेक्टरची संवेदनशीलता कमी ठेवता येते, भंगाराच्या शिट्ट्या कमी होतात, खड्डे कमी होतात. आठ ग्रॅम लोखंडाने टनावारी माती वाचते! डिझाइनच्या टेबलावर घेतलेला छोटा निर्णय पन्नास वर्षांनी शेतात कसा उगवतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

माणूस आधी की माती आधी?

शेवटी मूळ प्रश्न. सुरुंगामुळे पोरांचे पाय जात असताना गवताच्या तक्त्यांची काळजी करायची का? मी स्वतः हा विषय वाचायला घेतला तेव्हा मलाही हे चोचले वाटले होते. पण विचार केला तर लक्षात येतं की ज्या गावात सुरुंग असतात ते गाव बहुतेक वेळा शेतीवर जगतं. सुरुंग काढायचे ते शेत परत मिळावं म्हणून. विहिरीचं पाणी पुन्हा पिता यावं म्हणून. मग काढण्याच्या नादात शेतच नापीक झालं आणि विहीर बिघडली, तर आपण कोणासाठी काम केलं? इथे माणूस विरुद्ध माती असा सामना नाहीच. माती हीच त्या माणसाची भाकरी आहे.

मात्र एक पथ्य पाळायला हवं. पर्यावरणाचं कारण सांगून काम रेंगाळवायचं नाही. जिथे माणसं रोज जातात, शाळेची वाट आहे, पाणवठा आहे, तिथे आधी आणि लवकर. जिथे कुंपण घालून थांबता येतं, तिथे सावकाश आणि जपून. फॉकलंडला ३८ वर्षे थांबता आलं, कारण माणसं थोडी आणि जमीन भरपूर. कंबोडियातल्या शेतकऱ्याला ती चैन परवडणारी नव्हती.

आपल्यासाठी काही प्रोजेक्ट

दरवर्षी फायनल इयरला विषय सुचत नाही म्हणून आपण तीच ती लाइन फॉलोअर गाडी बनवतो. त्याऐवजी हे बघा :

मेकॅनिकल : झुडपं कापणारं पण मुळांना धक्का न लावणारं, दुरून चालवता येणारं हलकं यंत्र. जमिनीवरचा दाब चौरस सेंटीमीटरला किती येतो, हा डिझाइनचा मुख्य निकष.

सिव्हिल : झोडपलेल्या आणि न झोडपलेल्या मातीची घनता, पाणी मुरण्याचा वेग आणि धूप यांची तुलना. कॉलेजच्या मागच्या रानात रोटाव्हेटर फिरवूनही हा प्रयोग होतो.

इलेक्ट्रॉनिक्स : धातू आणि रडार या दोन्ही संकेतांवरून खिळा आणि डबी यांत फरक ओळखणारं सर्किट. डबी अर्थातच रिकामी, साबणाची!

कॉम्प्युटर : सुरुंगांचा नकाशा, विणीचे महिने, उतार आणि पाऊस ही माहिती एकत्र घेऊन कोणत्या पट्ट्यात कधी काम करावं हे सुचवणारा प्रोग्रॅम.

केमिकल : जिवाणूंनी किंवा वनस्पतींनी दूषित माती साफ करण्याच्या पद्धतींचा तौलनिक अभ्यास. स्फोटकाला हात लावायची गरज नाही, प्रसिद्ध झालेल्या माहितीवरही चांगलं काम होऊ शकतं.

सुरुंग पेरणाऱ्याला एक सुरुंग पेरायला काही मिनिटं लागतात. तो काढणाऱ्याला दिवस लागतात, आणि जमिनीला सावरायला वर्षे. यातला पहिला आकडा आपल्या हातात नाही. पण उरलेले दोन कमी करणं हे इंजिनिअरचं काम आहे, आणि इंजिनिअर तर आपण होणारच आहोत.